थंडीतली अंडी : उचलायला उशीर नको



हरभरा घाट्यावर येऊ लागला, गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या आणि रात्री दारे धरायला जाणाऱ्याला एक घोंगडी पुरेनाशी झाली, की थंडी खरी पडली म्हणून समजावे. या दिवसांत आपण या पानावर बहुधा गव्हावरचा तांबेरा, नाहीतर हरभऱ्यावरची घाटेअळी यांविषयी बोलतो. आज मात्र घरातल्या माय-बहिणींच्या हातातल्या धंद्याविषयी बोलायचे आहे. परसात चार-सहा कोंबड्या असलेली घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या कोंबड्यांचा पैसा सातबाऱ्यावर दिसत नाही; पण मुलाची वही, म्हातारीचे औषध, पाहुणा आला तर चहाची साखर, असा वरखर्च कितीतरी घरांत अंड्यांवरच निघतो. तेव्हा हा विषय घरधन्यानेही ऐकून ठेवावा.

थंडी पडली की दर वर्षी एकच तक्रार कानावर येते. "अंडी बसवली, पण उबली नाहीत. पंधरा मांडली, पिले निघाली चार." मग कुणी म्हणते, कोंबडी नाठाळ आहे. कुणी म्हणते, थंडीत अंडी बसवूच नयेत. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा दोष कोंबडीचाही नसतो आणि थंडीचाही नसतो. अंडे घातल्यापासून ते कोंबडीखाली जाईपर्यंतचे जे आठ-पंधरा दिवस असतात, त्यांत ते कुठे आणि कसे राहिले, यावर निम्मे पीक ठरून गेलेले असते. ते कसे, हे आधी समजून घेऊ. कारण समजले की उपाय पाठ करावा लागत नाही.

अंड्यातला जीव झोपतो कसा

कोंबडीच्या अंगात सुमारे ४१ अंश सेल्सिअसची ऊब असते. एक अंडे तयार व्हायला चोवीस-पंचवीस तास लागतात. कोंबडा लागलेला असेल तर अंड्यातला जीव कोंबडीच्या पोटातच वाढू लागतो. आपण अंडे फोडले तर बलकावर एक बारीकसा पांढुरका ठिपका दिसतो, तोच तो. अंडे बाहेर पडले, गार झाले, की त्याची वाढ थांबते. साधारण २१ अंशांच्या खाली हा जीव झोपी जातो. झोपी गेला म्हणजे मेला नव्हे. नीट ठेवले तर आठवडाभर तो सुखाने झोपून राहतो आणि कोंबडीची ऊब लागली की पुन्हा वाढू लागतो. निसर्गाची ही सोयच आहे. नाहीतर कोंबडी पंधरा दिवस रोज एक अंडे घालती आणि पंधरा पिले पंधरा वेगवेगळ्या दिवशी निघती.

आता आपल्याकडची थंडी पाहा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात पाच अंशांखालचे तापमान कितीतरी हिवाळ्यांत नोंदले गेले आहे. पण तेवढीच थंडी दिवसभर टिकते का? नाही. दुपारी त्याच गावात ऊन चटका देते, पारा पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत चढतो. पत्र्याच्या खुराड्यात तर त्याहून जास्त. म्हणजे खुराड्यात राहिलेले अंडे रात्री गारठते, दुपारी तापते. त्यातच दुसरी कोंबडी त्याच जागी अंडे घालायला तासभर बसते आणि त्याला ऊब देऊन उठून जाते. झोपलेला जीव जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा जागा होतो.

शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. मृगाचा हलका पाऊस पडला, बी ओलावले, मोड फुटला आणि मग आठ दिवस उघडीप पडली, तर त्या बियाण्याचे काय होते? कोरड्या मातीत पडून राहिलेले बी पुढच्या पावसावर उगवते. पण एकदा मोड येऊन वाळलेले बी उगवत नाही, दुबार पेरणी करावी लागते. अंड्याचेही तसेच आहे. एकसारखा गारवा त्याला मारत नाही. ऊब आणि गारठा यांचा खेळखंडोबा त्याला मारतो.

न उबलेली अंडी काय सांगतात

गेल्या काही वर्षांत फिरतीवर असताना एका घरी एक वहिनी अशाच त्रासलेल्या भेटल्या. पंधरा अंड्यांतून चार पिले निघाली होती. "साहेब, या कोंबडीला येत्या बाजारी देऊनच टाकते. एकवीस दिवस बसली, दाणे खाल्ले, अंड्याला खळ पडला, आणि हातात काय?" असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "वहिनी, कोंबडी विकण्याआधी उरलेली अकरा अंडी फोडून बघू." परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून आम्ही ती एकेक फोडली.

तीन अंड्यांत काहीच नव्हते, ती वांझ होती. कोंबडाच लागलेला नव्हता. पाच अंड्यांत रक्ताची बारीक रेघ आणि कडे दिसले, म्हणजे जीव वाढायला लागला आणि पहिल्या तीन-चार दिवसांतच गेला. दोन अंड्यांत अर्धवट वाढलेली पिले होती. आणि एकात पुरते वाढलेले पिलू कवचाला चोच लावून आतच राहिले होते.

मग विचारपूस केली. अंडी एकोणीस दिवसांत जमली होती आणि सगळा काळ खुराड्यातच पडून होती. जुना कोंबडा दिवाळीनंतर विकला होता, नवा आणला नव्हता. पंधरा अंडी एका लहान चणीच्या गावठी कोंबडीखाली मांडली होती. टोपली पडवीत, थेट फरशीवर होती. आता सांगा, यात कोंबडीचा दोष कुठे? तिने चार पिले काढली हीच तिची कमाल. ती कोंबडी राहिली. पुढच्या खेपेला, शेजारून कोंबडा आणून महिना झाल्यावर, तिच्याखाली नऊच अंडी मांडली आणि सात पिले निघाली.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की न उबलेली अंडी तशीच उकिरड्यावर फेकू नका. ती फोडून पाहा. वांझ निघाली तर कोंबड्याकडे लक्ष द्यावे. रक्ताचे कडे दिसले तर अंडी उचलण्यात आणि ठेवण्यात चूक आहे. अर्धवट पिलू दिसले तर बसल्यावर ऊब कमी पडली असावी. पुरे पिलू आत अडकले तर शेवटच्या दिवसांत ओलावा कमी पडला असावा, नाहीतर आपला हात मध्ये गेला असावा. अंडी फोडून झाल्यावर खोल पुरावीत आणि हात साबणाने धुवावेत.

अंडी कधी उचलावी

कोंबड्या बहुतेक अंडी सकाळपासून दुपारपर्यंत घालतात. थंडीत दिवस अकरा तासांच्या आसपासच असतो, त्यामुळे अंडीही कमी आणि जरा उशिरा येतात. म्हणून दिवसातून तीनदा खुराड्यात हात घालावा : सकाळी साडेनऊ-दहाला, दुपारी बाराच्या सुमारास आणि तिसऱ्या प्रहरी तीन-चारला. रात्री एकही अंडे खुराड्यात राहता कामा नये. शाळेतून आलेल्या मुलाला शेवटची फेरी नेमून द्यावी. मुले हे काम आवडीने करतात.

"सगळी अंडी उचलली तर कोंबडी जागा बदलते," असे बायका म्हणतात आणि ते खरे आहे. म्हणून एक अंडे मागे ठेवण्याची चाल आहे. पण तेच अंडे पंधरा दिवस तिथे राहते आणि शेवटी उबवायच्या अंड्यांत मिसळते. यावर सोपा उपाय म्हणजे मागे ठेवायच्या अंड्यावर कोळशाने ठळक खूण करावी आणि ते कधीही कोंबडीखाली मांडू नये. त्याहून बरे म्हणजे अंड्याच्या आकाराचा पांढरा, गुळगुळीत गोटा किंवा लाकडी अंडे ठेवावे. कोंबडीला फरक कळत नाही.

कुठे आणि कशी ठेवावी

उबवायच्या अंड्यांना साधारण १५ ते १८ अंशांचा एकसारखा गारवा मानवतो. मोठ्या उबवणी केंद्रांना त्यासाठी वीज जाळून गार खोली ठेवावी लागते. आपल्या जाड मातीच्या भिंतीच्या घरात, माजघराच्या कोनाड्यात, पौष महिन्यात तो गारवा फुकट मिळतो. म्हणजे पाहा, ज्या थंडीला आपण नावे ठेवतो, ती अंडी साठवायला वर्षातली सर्वांत चांगली वेळ आहे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांवर भरवसा नसतो. थंडीत आठवडा निभावतो.

चुलीजवळ, खिडकीत, पत्र्याखाली, फ्रिजमध्ये अशा जागा टाळाव्यात. फ्रिजचा गारवा उबवायच्या अंड्याला फार होतो. टोपलीत ज्वारी, बाजरी किंवा भाताचे कोरडे तूस घालून त्यात अंडी रोवावीत. निमुळते टोक खाली, बोथट टोक वर. बोथट टोकाकडे हवेची पोकळी असते, ती वरच राहिली पाहिजे. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख लिहावी. शाई किंवा मार्कर नको.

अंडे धुऊ नये. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि वरून एक पातळ नैसर्गिक लेप असतो. पाणी लागले की तो लेप जातो आणि घाण आत शिरते. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. फार माखलेले अंडे उबवायला घेऊच नये. तसेच गार जागेतले अंडे एकदम वाफेच्या, ऊबदार स्वयंपाकघरात आणले तर त्यावर घाम येतो, तोही तितकाच वाईट. कोंबडीखाली मांडायच्या दिवशी अंडी सकाळीच कोनाड्यातून काढून घरात कोरड्या जागी मांडून ठेवावीत. संध्याकाळपर्यंत ती घराच्या उबेला येतात.

सात दिवसांच्या आतली अंडी उत्तम, दहा दिवसांपर्यंतची चालतील. त्यापुढे रोज पिलांची आशा कमी होत जाते. म्हणून साठवण करताना पहिल्या आठवड्याची अंडी विकावीत आणि कोंबडी खुडूक होण्याच्या बेताला आली, की शेवटच्या आठवड्याची उबवायला ठेवावीत. एकाच कोंबडीची पुरत नसतील तर चार कोंबड्यांची एकत्र करावीत.

कोणती निवडावी

फार मोठे अंडे नको, त्यात दोन बलक असण्याचा संभव असतो. फार लहान, फार लांबट, गोल गरगरीत, खडबडीत किंवा तडा गेलेले नको. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवून आवाज ऐकावा. तडा असेल तर बद्द आवाज येतो.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा, चपळ कोंबडा हवा. नवा कोंबडा आणल्यावर आठ-दहा दिवसांनंतरची अंडी घ्यावीत. कोंबडा विकल्यावरही आठवडा-दहा दिवस फलित अंडी येत राहतात, पुढे वांझ येऊ लागतात. तेव्हा यात्रेला कोंबडा कापायचा असेल तर उबवायची अंडी आधी जमवावीत.

दुकानातली पिंजऱ्यावरच्या कोंबड्यांची पांढरी अंडी उबवायला आणू नयेत. तिथे कोंबडाच नसतो, पिलू निघणार कुठून? गिरिराज, वनराज अशा सुधारित कोंबड्यांची अंडी गावठी कोंबडीखाली उबतात. पण त्या संकरित असल्यामुळे घरी काढलेल्या पुढच्या पिढीत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. त्या जातीची पिले हवी असतील तर खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच आणावीत. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. चौकशी आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

कोंबडी बसवताना

खुडूक झालेली कोंबडी खुराड्यात ठाण मांडते, पिसे फुगवते, हात लावला की गुरगुरते. तरी लगेच अंडी देऊ नयेत. दोन रात्री तिला दोन खोट्या अंड्यांवर बसवून पाहावे. टिकली तर तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर सगळी अंडी एकदम मांडावीत. आज चार, उद्या चार असे करू नये. मागाहून मांडलेली वाया जातात.

थंडीत संख्या आवरावी. उन्हाळ्यात बारा-तेरा झाकणारी कोंबडी थंडीत आठ ते दहाच झाकते. यामागचे कारण नीट ध्यानात घ्या. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी चोचीने फिरवते. कडेची आत, आतली कडेला. पाच अंडी जास्त झाली तर तीच पाच गारठतात असे नाही. आज ही गारठतात, उद्या ती. पाचांच्या लोभाने पंधराही आजारी पडतात. मांडल्यावर समोरून आणि बाजूने पाहावे. एकही अंडे पिसांबाहेर दिसता कामा नये.

टोपली फरशीवर ठेवू नये. खाली दुहेरी गोणपाट किंवा लाकडी फळी घालावी. टोपलीत तळाला चार बोटे कोरडी माती, वर भाताचा पेंढा किंवा मऊ गवत, मध्ये वाटीसारखा खळगा. जागा घरातली, वाऱ्याच्या झोताबाहेरची, निवांत, मांजर-मुंगसापासून लांब. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीजवळ उवा-पिसवा पाहाव्यात. असतील तर दवाखान्यातून औषध आणावे. खाज सुटलेली कोंबडी रात्री उठते आणि थंडीत तेवढे पुरते. काही घरी टोपलीत लोखंडाचा खिळा नाहीतर कोळसा ठेवतात. ठेवायचा तर ठेवा, पण रात्रीच्या गारठ्याला तो उपाय नाही. गोणपाट हा उपाय आहे.

एकवीस दिवस

कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते. थंडीत तिला भल्या पहाटे उठवू नये, दुपारी अकरा-बारा वाजता उठवावी. पंधरा-वीस मिनिटे अंडी उघडी राहिली तर बिघडत नाही. ज्वारी, मका, बाजरी असे अख्खे दाणे आणि ताजे पाणी जवळच ठेवावे. शेजारी राख-मातीचा ढीग असला की तिची धूळ-आंघोळ होते.

सातव्या रात्री अंडी तपासावीत. बॅटरीच्या किंवा मोबाईलच्या उजेडावर पुठ्ठ्याची नळी धरून वर अंड्याचे बोथट टोक टेकवावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा आणि मध्ये ठिपका दिसला तर जीव आहे. आरपार स्वच्छ दिसले तर वांझ. नुसते लाल कडे दिसले तर जीव गेला. वांझ आणि मेलेली काढून टाकावीत, म्हणजे जिवंत अंड्यांना जास्त ऊब मिळते. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पाहावे.

जमत असेल तर एकाच रात्री दोन कोंबड्या बसवाव्यात. सातव्या दिवशी दोघींची चांगली अंडी दहाच्या आत भरली, तर ती एकीखाली घालावीत. दुसरी मोकळी होते आणि लवकर पुन्हा अंड्यावर येते.

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नये. थंडीत हवा कोरडी असते, विशेषतः मराठवाडा-विदर्भात. म्हणून शेवटचे तीन दिवस टोपलीखालच्या गोणपाटावर आणि भोवतीच्या जमिनीवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा, अंड्यांवर नको. एकविसाव्या दिवशी कवचाला चोच पडते. पिलाला बाहेर यायला कित्येक तास लागतात. दया येऊन कवच सोलू नका. आतल्या नसांतले रक्त अजून आटलेले नसते आणि पिलू दगावते. बलकाचा शेवटचा भाग पिलाच्या पोटात गेलेला असतो, त्यावर ते दोन दिवससुद्धा काढू शकते. पिले सुकून फुलासारखी झाली, की मगच दाणापाणी दाखवावे.

ज्यांच्याकडे लहान उबवणी यंत्र आहे त्यांनी ते पडवीत ठेवू नये, आतल्या खोलीत ठेवावे. आत ३७.५ अंश राहिले पाहिजेत. वीज गेली तर वर घोंगडी टाकावी, पण हवेची छिद्रे बुजवू नयेत.

पिलांची ऊब

पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी केली तरी चालते. कोंबडी पोटाखाली घेते तोवर चिंता नाही. मात्र रात्री डालगे उघड्यावर न ठेवता घरात घ्यावे, खाली तूस पसरावे. पिले जास्त असतील तर दिवा लावावा लागतो. इथे एक गोष्ट सांगतो. हल्ली घरोघरी एलईडी दिवे आहेत. त्यांचा उजेड लख्ख पडतो, पण पिलांना पुरेल एवढी ऊब त्यांना नसते. ऊब देणारा जुन्या तारेचा साठ किंवा शंभर वॉटचा दिवाच हवा. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर जास्त तापले आहे, सगळीकडे सारखी विखुरली तर बरोबर आहे. यंत्रापेक्षा पिलांची साक्ष खरी.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू पिलांना तर मारतोच, त्याच खोलीत निजलेल्या माणसांचाही घात करतो. तसेच खुराडे गोणपाटाने चहूबाजूंनी गच्च बंद करू नये. खालून झाकावे, वरची वीतभर फट उघडी ठेवावी. नाहीतर ओल आणि विष्ठेचा उग्र वास कोंडून सर्दी-खोकला लागतो.

राणीखेतीची लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी लागते, तिला लासोटा म्हणतात. एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा राणीखेत आणि देवीची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. अडचण अशी, की बाटली शंभर-शंभर पिलांची असते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. आठ पिलांसाठी कोण आणणार? म्हणून आळीतल्या दहा घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात. पिले एकदम निघतील, बाटली एक लागेल, खर्च वाटला जाईल. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढण्याजोगा आहे.

आणखी एक सावधगिरी. बर्ड फ्लूची साथ आपल्याकडे थंडीच्या दिवसांत आलेली आहे : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला. एकदम चार-सहा कोंबड्या मेल्या तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये, घरातली अंडी उबवू नयेत, विकू नयेत; त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लपवण्यात शेजाऱ्याचेही नुकसान आहे.

हिशेब

शेवटी हिशेब पाहू. गावठी अंड्याला दहा रुपये धरा. आपल्या बाजारचा भाव वेगळा असेल तर तो घाला. पंधरा अंडी मांडली म्हणजे दीडशे रुपये टोपलीत गेले आणि पिले आली चार. दहाच मांडली तर शंभर गेले, पन्नास रुपयांची पाच अंडी विकून हातात राहिली, आणि निगा नीट राखली तर सात-आठ पिलांची आशा धरता येते. कोंबडीचे दिवस दोन्हीकडे तेवढेच गेले.

वेळही पाहा. मार्गशीर्षात बरीच घरे मांस-अंडी वर्ज्य करतात, गावातली मागणी मंदावते. तेव्हाची अंडी स्वस्तात विकण्यापेक्षा उबवायला ठेवणे परवडते. मार्गशीर्ष-पौषात निघालेली पिले आखाडापर्यंत सहा-सात महिन्यांची होतात. श्रावण लागण्याआधी गावठी कोंबड्याला किती मागणी असते हे आपणांस मी सांगायला नको. तलंगाही त्याच सुमारास अंड्यावर येतात. पेरणीनंतर घरात पैसा नसतो, नेमका तेव्हा हा पैसा बाईच्या हाती येतो.

तेव्हा माय-बहिणींनो, आज संध्याकाळपासूनच सुरुवात करा. दिवे लागण्याआधी खुराड्यात एकदा हात घालून या. मिळालेल्या अंड्यावर तारीख लिहा आणि ते कोनाड्यात, तुसात, टोक खाली करून ठेवा. आणि कोंबडी बाजारात नेण्याआधी न उबलेली अंडी एकदा फोडून पाहा.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीची तयारी पाहू. तोवर रामराम.